शिट्टीचा दात

"पडला," अप्पालालचाचा म्हणाले आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काड्यापेटी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

काड्यापेटीत काय आहे ते मला ठाऊक होतं. समोरच्या दाताचा अर्धा तुकडा, मीच घडवलेला. आधीचाही याच काड्यापेटीतून परत आला होता, आणि मी तासभर खपून, रंगाशी रंग जुळवून दुसरा बसवून दिला होता. पहिला चार दिवस टिकला. हा दोन.

"कधी पडला?"

"काल सांजच्याला. च्या पीत हुतो."

"चहाबरोबर काय खाल्लं?"

"काय न्हाई. नुसता च्या."

माझी मदतनीस कुसुम तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. मला मात्र हसू येत नव्हतं. मी पंचवीस वर्षांची होते, कॉलेजात सुवर्णपदक मिळवलेली होते, आणि मिरजेत दवाखाना टाकून मला जेमतेम तीन महिने झाले होते. मिरजेत दगड भिरकावला तर तो डॉक्टरलाच लागेल, इतके तिथे डॉक्टर. अशा गावात नव्या डॉक्टरणीने बसवलेला दात चहाने पडतो ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार होता?

"चाचा, खरं सांगा. हा दात आपोआप पडणं शक्य नाही. तुम्ही काहीतरी कडक चावलंत. चिक्की, फुटाणे, ऊस, काहीतरी."

"न्हाई ओ बाई."

"चावलंच असणार. माझं काम पक्कं होतं."

त्यांनी काड्यापेटी बोटाने टेबलावर जरा पुढे सरकवली. पन्नाशी उलटलेला माणूस, आडनाव गवंडी आणि धंदाही गवंड्याचाच. चुन्या-सिमेंटने बोटांची कातडी फाटलेली, आणि वर पांढऱ्या मिश्यांचा ऐटबाज झुपका. मग मान हलवून म्हणाले, "असंल. चुकून चावलं असंल."

चोराने कबुली दिल्यावर फौजदाराला जसं वाटत असेल तसं मला वाटलं. मी त्यांना ऐटीत खुर्चीवर बसवलं.

हा दात एवढा महत्त्वाचा का, ते त्या दिवशी कळलं. परांचीवर काम करताना वरून घमेलं सुटलं आणि त्याची कड तोंडावर बसून दात अर्धा गेला होता. गवंड्याला भिंत बांधायला पुढचे दात लागत नाहीत, पण अप्पालालचाचांची खरी ओळख गवंडी ही नव्हतीच. त्यांच्या घरावर कबुतरांची ढाबळ होती. पुढच्या रविवारी गावात कबुतरं उडवण्याची स्पर्धा होती आणि त्यांनी त्यांच्या लवंगी नावाच्या मादीचं नाव दिलं होतं.

"सकाळी सा वाजता सोडायचं," ते खुर्चीत आडवे पडून मला समजावत होते. "दिसभर वरच. जे शेवटाला उतरंल ते जिकलं. पर दिस बुडायच्या आत, आपल्याच माडीवर उतराय पायजे. पंच घड्याळ घिऊन बसतोय."

"मग दाताचा काय संबंध?"

"लवंगी आपणहून उतरत न्हाई. लई हट्टी. माझी शिट्टी ऐकली तरच येती." त्यांनी जीभ दातामागे टेकवून फुंकर मारली. भोकातून नुसती हवा आली. "बगा. अशी फुस हुती."

"मग या वर्षी सोडूच नका तिला," कुसुम म्हणाली.

"कशी न्हाई सोडायची? चार दिस कोंडली हुती तर जाळीवर डोस्कं आपटून घेतलं तिनं. उडायचं पाखरू हाय ते."

"साधी शिट्टी घ्या की मग, पोलिसाची."

"घेतली. ती वाजवली आन् लवंगी भिऊन पार जंक्शनपतोर गेली. पोरगं सायकलवर दाणं घिऊन मागं." ते हसले, मग त्यांचा आवाज उतरला. "अंधारात ऱ्हायलेलं कबूतर सकाळी गावत न्हाई बाई. पिसं गावत्यात."

म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत त्या तोंडातून शिट्टी निघाली नाही, तर लवंगी गेली. माझ्या दृष्टीने मात्र लवंगी गेली की त्यामागोमाग माझं नावही गेलं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला नावाचीच काळजी जास्त होती.

दात चिकटवायची रीत अशी. तुटलेल्या भागाला आम्ल लावायचं, पाण्याने धुवायचं, वाळवायचं, वर चिकटद्रव्याचा हात द्यायचा, त्यावर दाताच्या रंगाचा मसाला रचायचा आणि निळ्या प्रकाशाने तो घट्ट करायचा. यातल्या वाळवण्यावर आमच्या सरांचा भारी जीव. तास सुरू झाला की फळ्यावर खडू धरून म्हणायचे, "दात असा दिसला पाहिजे. खडूसारखा पांढराफटक. ओल राहिली की काम गेलं." पदक मिळवणाऱ्या मुलीने हे वाक्य किती वेळा पाठ केलं असेल? पहिल्या खेपेला मी चाचांचा दात दहा सेकंद हवेने वाळवला होता, दुसऱ्या खेपेला वीस. तरी पडला म्हणजे ओल राहतेच आहे, असा मी हिशोब केला आणि या वेळी पूर्ण मिनिटभर हवेचा फवारा धरला. दात खडूपेक्षा पांढरा झाला. चाचांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखतंय?"

"न्हाई. झोंबतंय वाईच."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी पडला. दातांना मिश्री लावताना.

आता सुज्ञ माणसाला इथे शंका आली असती. दहा सेकंदांना चार दिवस, विसांना दोन, साठांना एक रात्र. जेवढं जास्त वाळवावं तेवढं लवकर पडतंय. पण सुवर्णपदक गळ्यात असलं की मान खाली वळत नाही. मी कुसुमला म्हटलं, "आपल्या यंत्राच्या हवेतच दमटपणा असणार. दुसरी कोरडी हवा पाहिजे."

कुसुम बोलण्यापेक्षा करण्यातली. तिच्या भाचीचं ब्यूटी पार्लर होतं. अर्ध्या तासात ती केस वाळवायचं यंत्र घेऊन आली.

त्या दुपारी बाहेर एप्रिलचं ऊन, आत खुर्चीत अप्पालालचाचा, तोंडात दोन्ही बाजूंना कापसाच्या वळ्या, आणि मी दोन्ही हातांनी ते गुलाबी यंत्र त्यांच्या तोंडाशी धरलेलं. गरम वाऱ्याने त्यांच्या मिश्या दोन्हीकडे उभ्या राहिल्या. कुसुमने घड्याळ लावून तीन मिनिटं मोजली. चाचांचं पोट हलायला लागलं. आधी मला वाटलं कळा येतायत, मग कळलं की हा माणूस हसतोय. तोंड उघडं ठेवून हसणं सोपं नसतं. त्यांना बघून कुसुम हसायला लागली, आणि मी, दात वाळवणारी गंभीर डॉक्टरीण, ओठ चावून भिंतीवरचं दाताचं चित्र बघत राहिले.

चिकटवला. निळा प्रकाश दिला. चाचा उठले, आरशात बघितलं, खाली उतरले. कुसुम यंत्राची वायर गुंडाळत होती. ती गुंडाळून व्हायच्या आत जिन्यावर पुन्हा पावलं वाजली.

चाचांनी या वेळी काड्यापेटीसुद्धा काढली नाही. तुकडा तळहातावरच होता.

"ह्या खेपेला काय चावाय येळच न्हाई मिळाला, बाई," ते म्हणाले.

ते स्टुलावर बसले. गवंडी जसा दुसऱ्याने बांधलेली भिंत न्याहाळतो तसा तो तुकडा त्यांनी उलटा करून बघितला. मग हळूच म्हणाले, "एक इचारू का? रागावणार न्हाईसा?"

"विचारा."

"तुमी त्याला येवडं वाळवताय कशापायी? आमच्यात कोरड्या विटंवर गिलावा धरत न्हाई."

"चाचा, दात म्हणजे वीट नव्हे."

"ते बी खरंच," ते म्हणाले, आणि निघून गेले.

मला राग आला होता. पाच वर्षांच्या शिक्षणाला एका गवंड्याने प्रश्न विचारला याचा, आणि त्याचं उत्तर येत नव्हतं याचा त्याहून जास्त.

शुक्रवारी सकाळी ते दोन विटा घेऊन आले. एकेका विटेवर तळहाताएवढा गिलावा थापलेला. कुसुमने वर्तमानपत्र अंथरलं आणि माझ्या हत्यारांच्या ट्रेशेजारी त्या विटा विराजमान झाल्या.

"परवा लावलाय. मसाला योकच, हात बी योकच. ही वीट लई दिस उनात पडून हुती. ही पान्यात भिजवली, मग वरचं पानी टिपून घेतलं. आता काढा."

"काय काढू?"

"गिलावा. तुमच्याच हत्यारानं काढा."

मी उन्हातल्या विटेला हत्यार लावलं. लावलं म्हणजे टेकवलं फक्त. सगळा गिलावा एका खपलीत सुटून वर्तमानपत्रावर आला. मग दुसरी वीट. खरवडलं, टोचलं, शेवटी दाढ उपटायची पकड घेतली आणि पाय रोवून ओढलं. कुसुमने वीट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. गिलावा हलला नाही. पकडीचा दांडा माझ्या हातातून सटकला आणि मी मागच्या कपाटावर जाऊन आदळले.

"कोरडी वीट मसाल्याचं पानी पिऊन टाकती," चाचा शांतपणे म्हणाले. "मग त्यो मसाला आत कुठं शिरणार? वरच बसतोय, पावन्यागत. पर डबडब भिजलेली बी चालत न्हाई. घसरतोय."

मी कपाटाला टेकून उभी होते. मग कुसुमला विचारलं, "त्या चिकटद्रव्याच्या डब्यात एक कागद होता ना? माहितीचा?"

कुसुमचा चेहरा पडला. ती खाली वाकली आणि स्टुलाच्या आखूड पायाखाली घातलेली एक घडी काढून तिने माझ्या हातात दिली. पुण्याहून मागवलेल्या नव्या बाटलीबरोबर आलेला तो कागद मी तीन महिन्यांत एकदाही उघडला नव्हता. पदक मिळालेल्या माणसाने असले कागद वाचायचे नसतात, असा माझा समज. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. खिडकीशी जाऊन वाचली. धुतल्यावर जास्तीचं पाणी कापसाने टिपा. आतला थर ओलसर, चकाकता राहू द्या. हवेने कोरडा करू नका.

सरांचं चूक नव्हतं. त्यांच्या काळची औषधं दाताच्या फक्त वरच्या कडक कवचाला धरायची, आणि कवचाला कोरडेपणा मानवतो. पण चाचांचा दात आतपर्यंत तुटला होता. आतल्या थरात बारीक तंतूंची जाळी असते. ओल आहे तोवर ती फुगून उभी राहते आणि औषध तिच्यात शिरतं. वाळवली की ती चपटी बसते आणि दार बंद. मी तर त्या दारावर पार्लरचं यंत्र चालवलं होतं.

मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळीकडून. कुसुम हसायला लागली, चाचा अर्ध्या दाताने हसायला लागले, आणि बाहेर बाकावर बसलेल्या एक बाई आत डोकावून बघून गेल्या. मी डोळे पुसत म्हटलं, "उद्या सकाळी या. जरा वेगळी पद्धत करून बघू."

माझी चूक झाली, हे मात्र तोंडातून निघालं नाही. 'वेगळी पद्धत' म्हणाले. तेवढी मी हुशार होतेच.

शनिवारी दात धुतला. आता फक्त टिपायचं. पण सवय अशी मरते थोडीच? माझा अंगठा आपसूक हवेच्या बटणाकडे गेला. मी मागे घेतला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा कुसुम उठली आणि तिने हवेच्या यंत्राचा प्लगच काढून टाकला. मी कापसाचा बोळा अलगद टेकवला, उचलला. दातावर ओलीची चमक राहिली. सगळं शिक्षण माझ्या आत बोंबलत होतं की पूस, पूस. मी श्वास धरून चिकटद्रव्य लावलं. तोंडातली लाळ तेवढी जवळ येऊ दिली नाही.

काम झालं. "चाचा, आज शिट्टी वाजवायची नाही," मी बजावलं. "उद्या लागेल तेव्हाच."

"व्हय बाई," म्हणाले, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्यांनी शिट्टी मारली. खिडकीची काच झणझणली. रस्त्यावरची दोन कुत्री उठून उभी राहिली. मी आणि कुसुम टेबलाला धरून वाट बघत राहिलो, पण पावलं परत आली नाहीत.

रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या माडीवर गेले. किल्ल्याच्या बाजूची अरुंद गल्ली, शिडी चढून गच्ची, गच्चीवर जाळीची ढाबळ आणि वीस-पंचवीस माणसं सगळी माना वर करून. घड्याळ घेऊन बसलेले पंच बंडू खोत होते, तेही कबुतरवालेच. मला बघून त्यांनी खुर्ची दिली. वर, फार वर, एक ठिपका फिरत होता. लवंगीला उडून बारा तास उलटून गेले होते.

"दिस बुडायला सोळा मिनटं ऱ्हायली," बंडू खोत म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "बाई, तुमची मात्र कमाल हाय. ह्या मानसापायी किती तरास काढलासा. आमी सगळ्यांनी ह्येला झापलं."

"कशाबद्दल?"

"आता! तुमी येवडा चांगला दात बशिवताय आन् ह्यो जाऊन कवा फुटाणं खातोय, कवा ऊस मोडतोय. सोताच सांगत फिरतोय गल्लीभर. म्हणतोय, बाईंचा हात सोन्याचा हाय, माझंच त्वांड वाईट. माझ्या मंडळीला बी तुमच्याकडंच धाडली ह्येनं."

खोत वहिनी. त्या आठवड्यात सात नवे पेशंट आले होते, त्यांतल्या एक. मला वाटलं होतं माझ्या पाटीवरचं सुवर्णपदक वाचून येतायत.

मी चाचांकडे बघितलं. ते आभाळाकडे बघत होते. मला त्यांच्याशी बोलायचं होतं, पण ती वेळ नव्हती. ते कठड्याशी जाऊन उभे राहिले, जीभ दातामागे टेकवली आणि फुंकर मारली.

फुस.

वर झालेल्या सगळ्या माना चाचांकडे वळल्या. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा हवाच. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, आणि त्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल राग नव्हता, नुसती भीती होती. मी धावतच गेले. बोटाने दात दाबला, हलवला, नखाने कडेला जोर दिला. दात भिंतीसारखा उभा होता.

"दात पक्का आहे, चाचा. तुमचं तोंड कोरडं पडलंय. सकाळपासून पाणी प्यायलात का?"

"ध्यानातच न्हाई."

"पाणी आणा," मी ओरडले. घागर खाली स्वयंपाकघरात होती. चाचा तेवढं थांबले नाहीत. त्यांनी ढाबळीपुढचं कबुतरांचं मातीचं परळ उचललं, त्यातलं पाणी घटाघटा प्यायले, ओठावरून जीभ फिरवली, मिशीला लागलेलं पीस पुसलं आणि फुंकर मारली.

तशी शिट्टी मी पुन्हा कधी ऐकली नाही. गल्लीच्या या टोकाला निघाली ती त्या टोकाला जाऊन परत आली. वरचा ठिपका थबकला. पंख मिटले आणि लवंगी दगडासारखी खाली आली, गच्चीवर एक गिरकी घेतली आणि चाचांच्या डोक्यावरच उतरली. बंडू खोतांनी घड्याळ बघून वहीत लिहिलं. नऊ मिनिटं शिल्लक होती.

पुढे जो गोंधळ झाला त्यात स्पर्धेची ढाल कोणाला मिळाली हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. ती मालगावच्या एका कबुतराला मिळाली. इथे कोणी गुलाल उधळला, कोणी माझ्या हातात पेढा कोंबला, आणि मी, पेढा तसाच धरून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "चाचांनी काही चावलं नव्हतं. फुटाणे नाही, ऊस नाही. दात चारदा पडला तो माझ्या चुकीने. मला येत नव्हतं. यांनी मला शिकवलं."

गुलाल उधळणारे हात थांबले. मला मात्र गच्चीवर नाचावंसं वाटत होतं.

बंडू खोत चाचांकडे वळले. "मग लेका, आठ-धा दिस आमच्या शिव्या कशाला खाल्ल्यास?"

चाचांनी डोक्यावरून लवंगीला खाली घेतलं आणि सदऱ्याच्या आत छातीशी धरलं. मग माझ्याकडे न बघता, लाजल्यासारखे म्हणाले, "नव्या गिलाव्यावर लगीच कुणी ठोकून बघतं का? पक्का हुईस्तोर त्याच्यावर चार दिस पानी मारत ऱ्हायचं असतंय."